आज्ञा पाळणे : पंडिता रमाबाई व सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने

सौंसर आणि पांढुर्णा ह्या दोन तालुक्यांत शुभवर्तमानाची सेवा करणाऱ्या प्रत्येकास दोन भाषांत बोलावे लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याचा हा मराठी बोलणारा दक्षिण भागही त्याबरोबर तेथेच राहिला. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर त्यात समाविष्ट आहे. परंतु शाळेची व कचेरीची भाषा हिंदी आणि चुलीजवळची भाषा मराठी, ही स्थिती बदललेली नाही. त्यामुळे एकाच ख्रिस्ती घरात दोन भाषांतील पवित्र शास्त्रे शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील पंधराव्या वचनात प्रभू आपल्यावरील प्रीतीचा आपल्या आज्ञांशी संबंध जोडतो. ते वचन हिंदीत वाचले की शेवटी ‘मानणे’ हे क्रियापद भेटते. मराठीत वाचले की ‘पाळणे’ भेटते.

हा भेद आम्हांस लहान वाटत नाही. ‘मानणे’ ह्यात अंतःकरणाची संमती आहे आणि तिचे मोल आहेच. पण ‘पाळणे’ हा शब्द निराळ्या कुळातला आहे. आपण व्रत पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि गुरेही पाळतो. बाळ निजते तो पाळणा आणि मंडळीची निगा ठेवतो तो पाळक, हे त्याच कुळातले शब्द. योहानाने ह्या ठिकाणी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे ते ‘तेरेओ’. त्याचा अर्थ राखणे, जपणे, डोळ्यांत तेल घालून सांभाळणे. म्हणजे आज्ञा ही वरून पडणारी वस्तू नसून हाती सोपविलेली ठेव आहे, असा भाव तेथे आहे. आमच्या मराठी भाषांतरकारांना हा शब्द सहज सुचला असेल, कारण भाषेनेच तो त्यांच्या हाती ठेवला होता.

आज्ञापालनासाठी शास्त्रात दुसराही शब्दसमूह आहे आणि तो कानाशी निगडित आहे. इब्री ‘शमा’ ह्या धातूत ऐकणे व त्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात; ग्रीक ‘हुपाकोए’ हा शब्दही ऐकण्याच्या धातूपासूनच झाला आहे. मराठी आई ‘पोरगा ऐकत नाही’ असे म्हणते तेव्हा त्याच्या कानांत दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांची ही एकजीवता आपल्या बोलीत आयती असताना आपण उपदेशपीठावरून ‘आज्ञाधारकता’ असा अवघड शब्द का उच्चारतो, हे आम्हांस उलगडलेले नाही. आता ऐकण्यासाठी आधी कोणीतरी बोललेले असावे लागते. आणि शास्त्रात देव आधी जे बोलतो ते आज्ञेचे बोलणे नसते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञांच्या अगोदर देव आपली ओळख करून देतो ती गुलामगिरीतून सोडविणारा म्हणून. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पित्याची पुत्रावर प्रीती, मग पुत्राची शिष्यांवर प्रीती आणि त्यानंतर आज्ञा, असा क्रम आहे. हा क्रम उलटा केला की ख्रिस्ती आज्ञापालन राहत नाही, त्याच्या जागी दुसरेच काही उभे राहते.

हा विषय आमच्या भागातील श्रोत्यांना परका नाही. सौंसरजवळ जामसावळी येथे पहुडलेल्या मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. धन्याच्या शब्दासाठी जीव ओवाळून टाकणारा सेवक कसा असतो हे त्या वाटेने येजा करणाऱ्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. नवविधा भक्तीत दास्य ही एक भक्ती आहे, हे तो लहानपणापासून कीर्तनात ऐकत आला आहे. त्याला नवे वाटेल ते एवढेच की, येथे धनी स्वतः उठून सेवकाचे पाय धुतो आणि मग त्याला दास न म्हणता मित्र म्हणतो. दुसरे उदाहरण पांढुर्ण्याच्या गोटमारीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावे एकमेकांवर दगड फेकतात. पळून जाणाऱ्या एका प्रेमी जोडप्याने ह्या नदीत प्राण गमावले, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. मनाईहुकूम निघतात, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्यात आले, तरी दगड थांबलेले नाहीत. सरकारची आज्ञा मोडणारी तीच माणसे रूढीची आज्ञा रक्त सांडून पाळतात. मनुष्य कोणाचे तरी ऐकतोच. तो कोणाचे ऐकतो आणि ज्याचे ऐकतो त्याचे आपल्यावर प्रेम आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मंडळ्यांत हा प्रश्न विशेष अवघड होऊन बसला आहे, आणि त्याला इतिहासात कारण आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. १८७७ मध्ये स्वीडिश मिशनरी मध्य प्रांतात उतरले व पुढे छिंदवाडा हे त्यांच्या कार्याचे प्रमुख ठाणे झाले. पण मध्य भारतातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ शोधू गेल्यास आपण प्रवचनापाशी न पोहोचता दुष्काळापाशी पोहोचतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांत अनेक मिशनांनी अनाथालये उघडली. आईबाप गमावलेली मुले तेथे वाढली, शिकली, बाप्तिस्मा पावली आणि त्यांचीच पुढे मंडळी झाली. त्या भाकरीची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. ती नसती तर ही माणसे जगलीच नसती. तथापि अनाथालयात घंटा होती, रांग होती, साहेब होते आणि भाकरीच्या बदल्यात ऐकण्याची अपेक्षा होती. ‘ज्याने खाऊ घातले त्याचे ऐकावे’ हा न्याय त्या मुलांच्या मनात खोल रुजला आणि नकळत देवासही लागू झाला. मिशन गेले, साहेब गेले; पण पाळक व प्रचारक यांच्यामध्ये, धर्माध्यक्ष व पाळक यांच्यामध्ये, पुष्कळदा तोच न्याय चालू राहिला. आज्ञापालन म्हणजे उपकाराची फेड, ही समजूत आमच्या प्रदेशात शुभवर्तमानाच्या आड उभी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्या समजुतीची परीक्षा घेण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके उपयुक्त दुसरे काही मराठी ख्रिस्ती इतिहासात आम्हांस दिसत नाही. त्या दुष्काळात होरपळल्या होत्या, त्यांनी दुसऱ्यांची भाकरी खाल्ली होती, पुढे हजारोंना भाकरी दिली. आणि मध्यंतरी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ख्रिस्ती आज्ञापालन म्हणजे काय ह्या एका प्रश्नावर त्यांनी आपल्या धर्मातील वडीलधाऱ्यांशी उघड वाद केला. त्या वादाची पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत असल्यामुळे आमच्या प्रचारकांच्या हाती फारशी गेलेली नाहीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले, म्हणून समाजाचा रोष पत्करला आणि कुटुंबासह तीर्थयात्रेत आयुष्य काढले. १८७४ ते १८७७ च्या दरम्यान दक्षिणेतील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. त्यानंतर भावाबरोबर भ्रमण, कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य, हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांचा वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन ह्या अँग्लिकन संघाच्या भगिनींशी व फादर नेहेम्या गोरे यांच्याशी परिचय झाला. वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इराद्याने १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला वाँटेज येथे गेल्या. तेथे राहण्याचा मोबदला म्हणून हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावी असे ठरले होते. रमाबाईंनी हे काटेकोरपणे ठरवून घेतले, ह्याकडे लक्ष द्यावे. फुकटची भाकरी माणसाला कोठे नेते हे त्यांना ठाऊक होते.

बाप्तिस्म्यापूर्वी भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपल्या संघाचे कार्य पाहण्यास पाठविले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय देऊन पुन्हा उभे केले जात होते. जिच्यावर घराचे दार बंद झाले त्या स्त्रीला कोणी आपल्या हातांनी सांभाळते, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. ह्यामागे काय आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. बऱ्याच वर्षांनंतर, १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या हा प्रसंग आवर्जून नमूद करतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा क्रम असा होता : प्रथम प्रीतीचे दर्शन, मग स्वीकार. ह्या प्रीतीचे दर्शन ज्यांनी घडविले त्याच भगिनींशी पुढे वाद झाला, हे ध्यानात ठेवल्याखेरीज तो वाद समजणार नाही.

ऐकू कमी येत असल्याने रमाबाईंना वैद्यकीचा बेत सोडावा लागला. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. तेथील प्रमुख मिस डोरोथिया बील ह्या विदुषी व मनाने उदार होत्या. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भाषा शिकवावी असा विचार निघाला तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली : असे केल्यास स्वदेशी परतल्यावर त्यांच्या शब्दास मान राहणार नाही. रमाबाईंनी उत्तर दिले की, जी गोष्ट आपल्या वडिलांनी व पतीने आक्षेपार्ह मानली नाही ती ह्या दूरच्या सद्गृहस्थांनी का ठरवावी? आपल्या देशातील लोकांस काय रुचेल हे आपणास त्यांच्यापेक्षा अधिक कळते.

तेथून वाद पसरत गेला. जेवणात अंडे घातलेला गोड पदार्थ रमाबाई खात नसत. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसला. रमाबाईंनी थोड्या उपहासाने लिहिले की, माझा अभिमान तुम्ही खुशाल ताटात शोधा, मी मात्र माझ्या लोकांच्या निरुपद्रवी चालीरीती टाकणार नाही. क्रूसावर कोरावयाच्या अक्षरांवरूनही मतभेद झाला. लॅटिन भाषेत असे काय पावित्र्य आहे की जे संस्कृतात नाही, असा त्यांचा प्रश्न होता. लहान मनोरमेस त्रैक्याची गूढ सूत्रे पाठ करावयास लावू नयेत असेही त्यांचे म्हणणे होते. आज हे वाचताना अनेक वाचकांच्या मनात रमाबाईंविषयी तत्काळ सहानुभूती उत्पन्न होईल. क्रूसाच्या बाबतीत तर आमचीही सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे आहे. आमच्या मंडळ्यांत मराठी अभंग व हिंदी भजन एकाच उपासनेत गाइले जातात. देवास कोणती लिपी आवडते असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

वादाचे मूळ मात्र ह्या बारीक गोष्टींत नव्हते. ते १८८५ च्या एका पत्रात उघड झाले. ख्रिस्ती व्यक्तीने मंडळीच्या अधिकाऱ्यांचे ऐकले पाहिजे, असे सिस्टर जेराल्डीन यांनी लिहिले होते. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा : मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, परंतु धर्मगुरूंच्या अथवा बिशपांच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधलेली नाही. देवाच्या नियमास व वचनास शरण जाणे ही एक गोष्ट आणि केवळ धर्मगुरूंपुढे पूर्ण मान तुकविणे ही दुसरी. स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवून मी आले आहे. तसलेच दुसरे जू लगेच मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही. देवाने मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि तिच्या साहाय्याने निर्णय करण्याची जबाबदारीही दिली आहे.

येथे थोडे थांबून दुसऱ्या बाजूस न्याय दिला पाहिजे. मराठीत हा प्रसंग जेथे जेथे सांगितला जातो तेथे सिस्टर जेराल्डीन ह्या गोऱ्या, हेकट आणि अनुदार अशा रंगविल्या जातात. वंशश्रेष्ठतेची छाया त्यांच्या काही वाक्यांवर पडली आहे हे नाकारता येणार नाही. तरीही त्यांनी स्वतः आज्ञाधारकतेचे व्रत घेतले होते. जी गोष्ट त्या रमाबाईंकडून मागत होत्या ती त्यांनी आपल्या आयुष्यात आधी दिली होती. आज्ञापालन ही प्रीतीची शाळा आहे, तेथे ‘मी’ झिजतो व ख्रिस्त वाढतो, ही त्यांच्या संघाची शिकवण होती आणि ती शिकवण पोकळ नव्हे. फुलहॅमची सेवा त्याच शाळेतून निपजली होती. शिवाय त्यांना खरी भीती वाटत होती. रमाबाई तेव्हा ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी व त्रैक्याविषयी साशंक होत्या. नव्याने विश्वासात आलेली एक बुद्धिमान तरुणी एकटी वाहवत जाईल, ही काळजी आईची काळजी होती. मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे, आणि वाद तापला असतानाही रमाबाईंच्या पत्रांत तेच संबोधन येते.

मग चूक कोठे झाली? आमच्या मते सिस्टर जेराल्डीन यांनी आपल्या व्रताचा अनुभव दुसऱ्याच्या हिशेबात धरला. जी शरणागती प्रीतीने स्वेच्छेने दिली असता मुक्त करते, तीच मागून घेतली असता बांधून टाकते. फुलहॅमच्या स्त्रियांपुढे ह्या भगिनींनी अटी ठेवून दार उघडले नव्हते. रमाबाईंपुढे मात्र, कदाचित त्यांच्या विद्वत्तेमुळेच, अटी पुढे आल्या. रमाबाईंची बाजूही सर्वस्वी निर्दोष नव्हती. सदसद्विवेकबुद्धी ही देवाचा आवाज ऐकण्याचा कान आहे हे खरे. पण कान म्हणजे आवाज नव्हे. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत म्हटले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम ह्या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचून त्या स्वतःच्या अंतःकरणाची अवस्था तपासू लागल्या आणि आपल्या पुण्यावर काहीच उभे नाही, जे आहे ते त्याने केलेल्या प्रीतीवर आहे, ह्या निर्णयाला आल्या. रमाबाईंना मनमानीच्या पाठीराख्या म्हणून पुढे करणाऱ्यांनी १८८५ चे पत्र वाचून थांबू नये.

१८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून गदारोळ होऊन सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले. दार लावून प्रार्थना करा, ही त्यांची अपेक्षा रमाबाईंनी मानली नाही. आठ वर्षांत दोन परस्परविरुद्ध गोटांकडून एकच दोषारोप त्यांच्यावर आला : ही बाई कोणाचे ऐकत नाही.

ती कोणाचे ऐकत होती हे १८९६-९७ मध्ये आमच्या प्रांताने पाहिले. मध्य प्रांतात १८९३ पासून लागोपाठ पिके बिघडली होती. अवेळी पावसाने व तांबेऱ्याने गहू गेला होता. १८९६ मध्ये पावसाने मध्येच पाठ फिरविली आणि उरलेसुरले धान्य संपले. वृत्ते पुण्यास पोहोचली तेव्हा रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार आठवली. हाती पैसा नव्हता, संस्थेत जागा नव्हती, ‘जा’ असे सांगणारा बिशप अथवा समिती नव्हती. त्या गेल्या. मदतकेंद्रांत व अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिले ते स्वतः लिहून ठेवले आहे : हाडांचे सापळे झालेली मुले, आणि त्या गर्दीत कोवळ्या मुलींना फूस लावून नेण्यास टपलेले स्त्रीपुरुष. मुलींना उपाशी मरण आणि त्याहून वाईट जिणे ह्या दोहोंतून सोडविणे हे काम त्यांनी आपले मानले. त्या प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगाव येथील शेतावर नेले, आणि तेथे पाल टाकून जे सुरू झाले त्याचेच नाव मुक्ती.

इब्रीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, पुत्र असूनही ख्रिस्त दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असा आशय आहे. हे वचन समजावून देताना आपण सहसा गेथशेमाने बागेपाशी जातो. तेथे जावेच; परंतु आमच्या श्रोत्यांपुढे मध्य प्रांताची धुळीची वाट ठेवण्यासही हरकत नाही. जिने स्वतःची भूक सोसली तिला दुसऱ्याच्या भुकेत हाक ऐकू आली. रमाबाईंची श्रवणशक्ती आयुष्यभर अधू होती, ही गोष्ट ह्या संदर्भात आमच्या मनात वारंवार येते.

ह्या मुलींशी मुक्तीत कसे वागविले गेले, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. कारण आता भाकरी रमाबाईंच्या हाती होती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या वस्तीत घंटा, पाळ्या, शिस्त आली. आणि मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, शारदा सदनाप्रमाणे तटस्थ नव्हती. उपाशी मुलीने दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा टीकाकारांचा प्रश्न अन्यायाचा नव्हे. रमाबाईंनी त्याला वादाने उत्तर दिले नाही. त्यांनी त्या मुलींना शेती, विणकाम, स्वयंपाक, शिवण, छपाई शिकविली, लिहावाचावयास शिकविले, पोटापुरते मिळविता येईल असे हात दिले. ज्याला स्वतःची भाकरी मिळविता येते त्याच्या ‘हो’ला अर्थ असतो आणि ‘नाही’लाही. आमच्या प्रांतातील इतर अनाथालयांशी मुक्तीची तुलना करताना आम्ही हीच कसोटी लावू : तेथून बाहेर पडलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होते काय?

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातल्या स्त्रीने दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता वचन स्वतः वाचावे, हा हेतू. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे, सर्व कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. धर्मगुरूंचा शब्द व देवाचा शब्द ह्यांतील जो भेद १८८५ च्या पत्रात त्यांनी रागाने मांडला होता, तो येथे राग निवल्यानंतर कामाच्या रूपाने पुन्हा भेटतो. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी काहींच्या हातांनी ती अक्षरे जुळविली गेली असतील.

छिंदवाडा जिल्ह्यातील लूथरन परंपरेच्या मंडळ्यांत मार्टिन लूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी शिकविली जाते. तीत प्रत्येक आज्ञेच्या स्पष्टीकरणात देवाचे भय आणि देवावरील प्रीती ह्या दोहोंचा एकत्र उल्लेख येतो. मुलांना शिकविताना पहिला शब्द ठळकपणे म्हटला जातो आणि दुसरा घाईने, असा आमचा अनुभव आहे. कारण भयाने वर्ग शांत बसतो. दृढीकरणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करवून घेण्यापूर्वी निर्गमाच्या पहिल्या पंधरा अध्यायांची गोष्ट सावकाश सांगावी, तिला चार रविवार लागले तरी लागू द्यावेत. आणि प्रचारकाकडून आज्ञापालनाची अपेक्षा करणाऱ्या पाळकाने त्याच्या घरी चूल कशी पेटते ह्याची चौकशी अगोदर करावी. मात्र ती चौकशी त्याच्या कानावर उपकार म्हणून घालू नये.

वाँटेजच्या भगिनींशी रमाबाईंचा संबंध त्या वादाने तुटला नाही. अमेरिकेत असताना त्यांनी मनोरमेला परत त्याच भगिनींच्या हाती सोपविले. ज्यांची शिकवण मुलीच्या बाबतीत त्यांना खटकली होती त्यांच्यावरच मुलीसाठी विश्वास टाकला. आणि ती पत्रे आज आपणास वाचावयास मिळतात ती सिस्टर जेराल्डीन यांनी ती संग्रहित केली म्हणून. त्या संग्रहात रमाबाईंची तिखट उत्तरे आहेत, आणि ज्यांना ती उत्तरे मिळाली ती सिस्टरांची स्वतःची पत्रेही आहेत. त्यांतील काही काढून टाकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती ठेवली.